एसीच्या खोलीतली करप्ट फाईल

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक कधी खुशीत फोन करत नाही. इतकी वर्षं मी नाशिकात लोकांना कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहून दिले, पण ‘मॅडम, आज सगळं झकास चाललंय, म्हटलं कळवावं’ असा फोन मला एकदाही आला नाही. फोन उचलला की पलीकडचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, ‘मॅडम, डेटा उडाला.’ जसं काही मी त्यांना पोपट विकला होता आणि पिंजऱ्याची कडी नीट लावली नव्हती.

ही नव्वदनंतरची गोष्ट. अंबडच्या कारखान्यांत, कांदा-द्राक्षवाल्यांच्या गाळ्यांवर, दवाखान्यांत नवे कॉम्प्युटर येत होते आणि त्यांवर हजेरी, माल, बिलं असलं काहीतरी करून देणारं माणूस लागत होतं. ते मी करायचे. घरचे म्हणायचे, बँकेत चिकटली असतीस तर संध्याकाळी वेळेवर घरी आली असतीस. खरं होतं ते. पण बिघडलेली गोष्ट समोर असली की मला जेवण गोड लागत नाही, त्याला काय करणार? आई म्हणायची, ‘ही घोरपड आहे. भिंत पडेल, पण ही सुटायची नाही.’ आईनं माझं एवढंच एक कौतुक केलं, तेही वैतागून.

ज्यांचा या कामाशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. तेव्हा माहिती साधारण दोन फायलींत असायची. एका फाईलमध्ये खरी माहिती आणि दुसरीत तिची सूची, पुस्तकाच्या शेवटी असते तशी. अमुक नाव कितव्या पानावर, एवढंच त्या सूचीला माहीत. तिला आम्ही इंडेक्स म्हणतो. आता सूचीत एक आकडा चुकला तर काय होईल? पानं जागच्या जागी असतात, पण तुम्ही भलत्याच पानावर जाता. मागितला शंकर, हजर झाला दत्तू. याला फाईल करप्ट होणं म्हणतात. रोज करप्ट होणारी फाईल सज्जन म्हणायची, तिचं कारण चटकन सापडतं. खरी छळवादी ती, जी अधूनमधून बिघडते. दुखरा दात दवाखान्याच्या पायरीवर चढलं की दुखायचा थांबतो ना, तशी ती मी पोचले की शहाण्यासारखी वागायला लागायची.

देवळ्याला एका कांद्याच्या व्यापाऱ्याकडं अशीच फाईल होती. दोन सख्खे भाऊ, दोन कॉम्प्युटर, मध्ये वायर. भावाभावांचं बोलणं बंद होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. थोरल्यानं एखाद्या शेतकऱ्याचं पान उघडून ठेवलं की धाकट्याला ते उघडता यायचं नाही. दुसऱ्या कुठल्याही घरात धाकटा हाक मारून म्हणाला असता, दादा, पान सोड. इथं तो गुपचूप मागे जायचा आणि थोरल्याच्या कॉम्प्युटरचं बटण बंद करून यायचा. अर्धी लिहिलेली ओळ तशीच अर्धी राहायची आणि फाईल करप्ट. मी प्रोग्रॅम तपासून तपासून थकले. शेवटी त्यांच्या आईनं चहा देता देता सांगितलं, की हे दोघं दिवाळीपासून एका ताटात जेवले नाहीत. अंबडला एका वर्कशॉपमध्ये उलटा प्रकार. तिथं उन्हाळा आला की फाईल बिघडायची, कारण विजेच्या अर्थिंगचा खड्डा कोरडा पडायचा. खड्ड्यात मिठाचं पाणी ओतायला लावलं आणि फाईल सुधारली. मालकाला वाटलं मी मंत्रबिंत्र टाकला.

अशा दोन-चार गोष्टींनंतर माझं एक मत पक्कं झालं. फाईल आपोआप बिघडत नाही. तिच्यामागे कुठंतरी कुणीतरी, आपल्या मते अगदी शहाणपणाचं काहीतरी केलेलं असतं.

हे मत पणाला लागलं ते पिंपळगाव बसवंतला, एका द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये. सन दोन हजार उलटून गेलं होतं. पॅकहाउसचे मालक नाना. नाना म्हणजे धिप्पाड माणूस, पांढरा सदरा, आवाज असा की जनरेटर चालू असला तरी ऐकू यावा. त्यांची द्राक्षं जहाजानं परदेशी जात. परदेशी गिऱ्हाईक चिकित्सक, त्याला प्रत्येक खोक्यावर लेबल लागायचं आणि त्या लेबलावर द्राक्षं कुठल्या बागेतली ते सांगणारा नंबर. ज्या बागेचा नमुना औषधाच्या तपासणीत पास झाला, तिचाच माल बाहेर. जी नापास, तिची द्राक्षं दिल्ली-कलकत्त्याला. दोन्ही माल एकाच हॉलमध्ये, एकाच बेल्टवर भरले जायचे. बायका दोन्ही बाजूंना बसून कात्रीनं घड साफ करायच्या, खोक्यात भरायच्या. कुठलं लेबल कुठं हे ठरवायचा माझा प्रोग्रॅम, आणि तो चालवायची वंदना.

वंदना तिथलीच, कादवा नदीच्या बाजूच्या मळ्यातली. बी.कॉम. झालेली, विशीतली, बोलायला कमी. कामाला वाघीण होती. गावातली पोरं अजून माउस उलटा धरायची तेव्हा ती डोळे मिटून लेबलं काढायची. तिची खोली हॉलच्या टोकाला, काचेची, एसीची. तिला नाना ‘कंप्युटरचं देवघर’ म्हणायचे. चपला बाहेर काढूनच आत जायचं. स्वतः नानासुद्धा दारात जोडे काढायचे, आणि जोडे काढल्याचं सगळ्यांना दिसेल असे काढायचे.

दोन हंगाम फाईल गाईसारखी गरीब होती. तिसऱ्या हंगामात तिला काय झालं कोण जाणे. महिन्यातून कधीतरी एखादा नंबर भलत्याच बागेचा निघायचा, कधी मशीन अडकून बसायचं. वंदना फोन करायची. मी एसटीनं जायचे, सूची नव्यानं बांधायचे. कधी आमचा हार्डवेअरवाला मशीन उचलून नाशिकला आणायचा. तिथं ते एकदम ठणठणीत. तो खिशातून खोडरबर काढायचा, रॅमच्या पट्टीचे दात घासायचा, पट्टी परत बसवायचा आणि म्हणायचा, झालं. रॅम म्हणजे काय, तर तुम्ही टाइप केलेलं सगळं आधी या पट्टीवरून जातं आणि मग डिस्कवर लिहिलं जातं. पट्टीच्या खालच्या कडेला चकचकीत दात असतात, ते खाचेत रुततात. दात घासले की पुढचे काही आठवडे बरे जायचे. त्या काळी नाशिकातल्या प्रत्येक हार्डवेअरवाल्याच्या खिशात पाकीट नसेल, पण खोडरबर असायचाच.

आणि मग ती दुपार आली. परदेशी जाणारा कंटेनर भरत होता. दार लावायच्या आधी सुपरवायझरला एका थप्पीतले घड ओळखीचे वाटले. खोकी खाली उतरवली. नापास बागेचा माल, आणि लेबलं पास बागेची. म्हणजे दिल्लीला जायचा माल निघाला होता परदेशी. पोचला असता तर नानांचं नाव तिकडं कायमचं काळ्या यादीत गेलं असतं. वाईटात वाईट म्हणजे ती नापास बाग होती वंदनाच्या सख्ख्या मामाची.

नाना तरातरा आले. बेल्ट चालू, दोन्ही बाजूंना बायका. वंदनाला त्यांनी काचेच्या खोलीतून बाहेर बोलावलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, ‘मामाचा माल परदेशी घालाया बसवली का तुला हितं?’ ती म्हणाली, मी नंबर बरोबर टाकला होता. नाना म्हणाले, मग काय कंप्युटरला तुझा मामा माहीत हाय? तिनं खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि ती घरी गेली. हे मला नंतर सरूबाईनं सांगितलं. सरूबाई म्हणजे बेल्टवरची सगळ्यात जुनी बाई, तोंडानं फटकळ, नानांच्या आईच्या वेळेपासून त्यांच्या बागेत राबलेली.

दुसऱ्या दिवशी नानांनी मला बोलावलं. चहा, वर द्राक्षांची पेटी. म्हणाले, ‘ताई, तुमी फक्त लिहून द्या, की प्रोग्रॅममंदी काय बी खोट नाय. बस्स. पुढचं मी बघतो.’

बघा, किती सोपं होतं. एक सही, माझा प्रोग्रॅम निर्दोष, पुढच्या वर्षीचं काम पक्कं. आणि प्रोग्रॅममध्ये खोट नाही असं मला वाटतही होतं. पण प्रोग्रॅममध्ये नाही याचा अर्थ ‘मग पोरीत आहे’ असा लावायला नाना मोकळे होणार होते. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, आणि दोरी मी वळून द्यायची. माझं डोकं तापलं. म्हटलं, नाना, कारण सापडल्याशिवाय मी कशावरही सही करणार नाही. आणि हो, आता हे मशीन मी कुणाला उघडू देणार नाही, नाशिकलाही नेऊ देणार नाही. खोडरबर घेऊन कुणी आलं तर दारातून परत पाठवा. खोडरबर लावून लावून आम्ही इतके दिवस पुरावाच पुसत होतो, हे माझ्या तेव्हा कुठं लक्षात यायला लागलं होतं.

नाना म्हणाले, ‘आन् लेबलं कोण काढल?’ म्हटलं, मी.

रोज सकाळी नाशिकहून एसटी पकडायची आणि वंदनाच्या खुर्चीवर जाऊन बसायचं. लेबल निघालं की हातानं पडताळायचं आणि मगच बेल्टवर द्यायचं. माझी बाकीची गिऱ्हाइकं बोंबा मारत होती. मी म्हटलं, मारा. रोज दुपारी पॅकहाउसच्या फोनवर वंदनाचा फोन यायचा, ‘मॅडम, सापडलं का?’ दुसरं काही विचारायची नाही. तिचा मामा त्यांच्या घरी यायचा बंद झाला होता. त्याचं म्हणणं, भाचीच्या नोकरीपायी माझ्या बागेला बट्टा लागला. गावात लोक तर दोन पावलं पुढं, ते म्हणायचे मामा-भाचीनं मिळून केलं. एके दिवशी तिचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला ते न आलेले फोन जास्त टोचले.

आणि मग एका सकाळी माझ्याच हाताखाली फाईल बिघडली. मी एका बागेचा नंबर टाकला आणि समोर आली दुसरीच बाग. मला इतका आनंद झाला की मी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या. नानांना ओढत आणलं. म्हटलं, बघा, माझा इथं कुणी मामा नाही. नानांनी शांतपणे बघितलं आणि म्हणाले, ‘मंग तुमचाच प्रोग्रॅम वाईट हाय की.’ त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

माझ्या ऑफिसातलं जुनं मशीन मी पिंपळगावला नेलं आणि हॉलमध्ये, बेल्टच्या शेजारी, एका स्टुलावर ठेवलं. तोच प्रोग्रॅम, तीच माहिती, दोन्हीकडं मीच टाइप करणार. आत एसीच्या खोलीत एकदा, बाहेर एकदा. बाहेर धूळ, द्राक्षाचा रस, फरशीवर पाणी, जनरेटरची घरघर, येणारा-जाणारा मशीनला धक्का मारून जाणारा. सरूबाईनं तर एकदा त्यावर आपला जेवणाचा डबा ठेवला. आणि काय गंमत, उकिरड्यात ठेवलेलं मशीन ठणठणीत, देवघरातलं आजारी. परत एकदा आतली फाईल बिघडली, तेव्हा बाहेरची बिनचूक होती. म्हणजे प्रोग्रॅम नव्हे, वंदना नव्हे, मीही नव्हे. मशीन म्हणावं, तर ते नाशिकात ठणठणीत चालायचं. त्या खोलीत काहीतरी होतं.

पण काय? एसी, टेबल, लेबलांचे रोल, भिंतीवर गणपतीची तसबीर. कोपऱ्यात काही खोकी एकावर एक, त्यांवर स्वच्छ चादर. वीज तपासली, वायरिंग तपासलं. त्या वर्षी भारनियमन जोरात होतं. वीज गेली की जनरेटरवर शीतगृह आणि कॉम्प्युटर चालायचे, पण एसी बंद राहायचा. मला वाटलं, मशीन तापत असेल. पण बाहेरचं मशीन त्याहून जास्त तापत होतं. तेव्हा तेही नाही.

मी चिडून टेबलाचा खण उघडला. स्टेपलरच्या पिना घेतल्या तर सगळ्या गंजलेल्या. कोरड्या एसीच्या खोलीत, बंद खणात पिना गंजतात? आणि तेव्हाच माझं लक्ष तसबिरीकडं गेलं. सकाळी मी वंदनाची पद्धत चालू ठेवायची म्हणून गणपतीला लालभडक जास्वंद वाहिली होती. संध्याकाळच्या गाडीची वेळ होत आली होती आणि ते फूल कोमेजलं नव्हतं, पण फिकं पडलं होतं. धुतल्यासारखं. लाल रंग कुणीतरी ओरबाडून नेलेला.

मी बाहेर जाऊन सरूबाईला बोलावून आणलं आणि विचारलं, इथं कसला वास येतो का? ती नाक वर करून म्हणाली, ‘काय नाय. आपला रोजचाच वास.’ रोजचाच म्हणजे कुठला? तर काडेपेटीची काडी ओढल्यावर येतो तो. सगळ्या पॅकहाउसला तो वास असतो. द्राक्षाच्या प्रत्येक खोक्यात वरून एक कागद ठेवतात, गंधकाची भुकटी लावलेला. त्याला नुसतं ‘पॅड’ म्हणतात. ओल लागली की पॅडमधून गंधकाचा वायू सुटतो आणि जहाजात द्राक्षाला बुरशी येत नाही. तिथली माणसं त्या वासात इतकी मुरलेली, की त्यांना तो येतच नाही. आणि मीही एव्हाना तिथलीच झाले होते.

मी कोपऱ्यातली चादर उचलली. पॅडचीच खोकी. काही फोडलेली, अर्धी वापरलेली, तोंडं उघडी. गेले कित्येक दिवस मी माझा चहाचा कप त्यांच्यावर ठेवत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

नानांना विचारलं. ते अभिमानानं म्हणाले, अवो, पॅडवर लिहिलेलंच असतंय, थंड आन् कोरड्या जागी ठिवा. गोदामात या वर्षी जागा नव्हती, तिथं ओलही होती. लय महागाचा माल. मंग मीच म्हटलं, एसीची खोली हायेच की, कुलूपबंद, कुणी हात लावणार नाय. कसं शहाणपण बघा. आता ते शहाणपण आणि आमचं मशीन एकाच खोलीत राहत होतं. संध्याकाळी वंदना खोली पुसून घ्यायची, तिच्यामागे मीही तेच करत होते. वीज गेली की एसी बंद, दार बंद, फरशी ओली. ओल पॅडला लागायची, पॅड वायू सोडायचं, आणि तो वायू रॅमच्या दातांवर बसायचा. दात काळे पडले की संपर्क कधी लागायचा, कधी नाही. एखादा आकडा वाटेत बदलायचा आणि डिस्क बिचारी इमानानं तोच चुकीचा आकडा लिहून घ्यायची. भारनियमन रोज सारखं नव्हतं, खोकी रोज उघडी नव्हती, म्हणून फाईल अधूनमधून बिघडायची.

हे मी नानांना सांगितलं तेव्हा ते हसले. ‘ताई, माझी द्राक्षं त्याच पॅडवर हजारो मैल जात्यात. खाणारा मरत नाय, आन् तुमचा लोखंडाचा डबा मरतोय?’ त्यांना डोळ्यांना दिसल्याशिवाय पटणार नव्हतं, आणि वंदनाचं नाव त्यांना पटण्यावर टांगलेलं होतं.

मग मी नाशिकात तांबट लेनमध्ये गेले आणि पूजेतल्या असतात तशा तीन तांब्याच्या पळ्या घेतल्या. घरी चिंचेनं घासून लख्ख केल्या. एक एसीच्या खोलीत खोक्यांजवळ टांगली, एक बेल्टवर सरूबाईच्या डोक्यावर, आणि एक नानांच्या स्वतःच्या घरी देवघरात ठेवायला दिली. तांबं गंधकाला लपवू शकत नाही, हे घरी भांडी घासणाऱ्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. नाना म्हणाले, ‘पळीनं कंप्युटर दुरुस्त व्हतो व्हय?’ म्हटलं, थांबा आठवडाभर. बेल्टवरच्या बायकांना भारी मजा वाटली. येता-जाता काचेतून आत डोकवायच्या आणि मला सांगायच्या, मॅडम, तुमची पळी आजारी पडली बरं का.

आठवड्यानं तिन्ही पळ्या नानांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांच्या घरची अजून झळकत होती. बेल्टवरची मळकी झाली होती, तिथं वारा खेळता होता. एसीच्या खोलीतली काळपट, कडांना हिरवट. मग माझ्या बंदीनंतर पहिल्यांदा, त्यांच्यासमोर, मशीन उघडलं आणि रॅमची पट्टी ओढून काढली. दातांवर तोच काळपट हिरवा थर होता. नानांनी ती काळी पळी एका हातात, पट्टी दुसऱ्या हातात धरली आणि दोन्हींवरचा थर ताडून बघितला. त्यांचा तो जनरेटरवर मात करणारा आवाज कुठं गेला कुणास ठाऊक. म्हणाले, ‘खोके मीच ठिवाया लावले व्हते.’

मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू?

त्याच दिवशी खोकी हलली, नवी रॅम आली. नाना म्हणाले, ताई, जाता जाता वंदनाच्या घरी सांगून जा, उद्यापासून ये म्हणावं. मी मळ्यात गेले. वंदना ओट्यावर भाजी निवडत होती. मी सगळं सांगितलं. पळ्यांचं ऐकून हसली, मग तिचे डोळे भरले. तिची आई आतून म्हणाली, जा गं बाई, बोलावलंय तर. पण वंदना उठली नाही. म्हणाली, ‘मॅडम, नाना मला एकटीला बोलले असते तर एकटीला निरोप चालला असता. ते बेल्टवर बोलले. आता बेल्टवरच सांगू दे.’

इतके दिवस मी फाईलच्या मागे लागले होते. ती सापडली म्हणजे काम संपलं असं मला वाटत होतं. दोन पोळ्या खाऊन निवांत झोपायचं ठरवलं होतं. आणि ही पोर मला शांतपणे सांगत होती की बिघाड अजून दुरुस्त झालेला नाही. मला तिचा राग आला नाही. खरं सांगायचं तर अभिमान वाटला.

परत पॅकहाउसला गेले. नाना भडकले. ‘आता काय पाया पडू तिच्या?’ म्हटलं, पाया नका पडू, नुसतं बोला, तोंडानं बिघडवलंय तर तोंडानंच दुरुस्त होईल. ते म्हणाले, बायकांसमोर? म्हटलं, नाना, तेव्हा याच बायका होत्या. त्यांनी मला दाराकडं हात दाखवला आणि मी निघून आले. वाटलं, गेलं हे काम. आणि पुढच्या वर्षीचंही.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी मला फोन आला. नानांचाच. एवढंच म्हणाले, ‘तिला घिऊन या.’

आम्ही पोचलो तेव्हा बायका बेल्टवर बसल्या होत्या. नानांनी सुपरवायझरला खूण केली, बेल्ट थांबला. कात्र्या थांबल्या. वंदना माझ्या शेजारी उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. नाना पुढे आले, डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. आणि जमिनीकडं बघत काहीतरी पुटपुटले. त्यात ‘वंदना’ एवढा शब्द कळला, बाकी सगळं सदऱ्याच्या कॉलरमध्येच राहिलं. मग ते वळून निघाले.

‘नाना,’ सरूबाई बसल्या जागेवरून म्हणाली, ‘ऐकाया नाय आलं. परत सांगा.’

नाना थबकले. कुणी हसलं नाही. त्यांनी सरूबाईकडं बघितलं. तिनं कात्री मांडीवर ठेवून कान त्यांच्याकडं केला होता. मला वाटलं, आता हिची नोकरी गेली. पण नाना परत फिरले, वंदनाच्या समोर येऊन उभे राहिले आणि त्यांच्या नेहमीच्या आवाजात, जनरेटर चालू असता तरी ऐकू आलं असतं अशा आवाजात म्हणाले, ‘वंदनानं काय बी केलं नव्हतं. तिच्या मामानं बी नाय. खोके मी ठिवले व्हते. चूक माझी व्हती.’

‘आता आलं,’ सरूबाई म्हणाली, आणि हात लांब करून तिनंच बेल्टचं बटण दाबलं.